थोरली, धाकटी आणि हुक्केरी मॅडम

“आता कुणी बोलायचं नाही,” हुक्केरी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पिवळ्या दोरीच्या टोकाला दोन बोटं लावली.

खोलीत आम्ही तिघंच होतो. मॅडम, मी, आणि टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभे असलेले आमचे लाइनमन मकानदारमामा. पलीकडे कोल्हापूरच्या केंद्रातले कुणी जोशीलकर मामांना आपल्या मुलीच्या लग्नातला जेवणाचा बेत सांगत होते. चाचणीच्या वेळी कुणाचं तरी चालू बोलणं हवं असायचं, आणि मामांना बोलणारं माणूस कधी कमी पडलं नाही. बाहेर नागणगावचा सोमवारचा बाजार ऐन भरात आला होता. खिडकीतून सुक्या मिरचीचा ठसका आत येत होता आणि मी शिंक दाबून धरली होती. मॅडमनी बोलायचं नाही म्हटलं की शिंकायचंही नसतं, असा आमच्या टेलिफोन ऑफिसात समज होता.

ही दोरी म्हणजे काचेच्या धाग्याची. कागदोपत्री तिला पॅचकॉर्ड म्हणत, आम्ही दोरी म्हणायचो. केसाएवढ्या काचेतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर बसून अख्ख्या तालुक्याचं बोलणं कोल्हापूरला जातं. घरचे फोन, मोबाइलचे टॉवर, बँका, तहसील, सगळं त्यातूनच. कोल्हापूरहून नागणगावला असा प्रकाश एकाच वेळी दोन वाटांनी यायचा. एक वाट घाटरस्त्याने, दुसरी घटवडे धरणाच्या अंगाने लांबच्या वळशाने. आमच्या खोलीतलं यंत्र एका वेळी एकीचंच ऐकायचं. ती मुकी झाली की पापणी लवायच्या आत आपणहून दुसरीकडे कान फिरवायचं. मकानदारमामांनी त्या दोघींची नावं ठेवली होती थोरली आणि धाकटी. “दोघी जावा हैत सायेब,” मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी मामांनी मला सांगितलं होतं, “थोरली आजारी पडली की धाकटी चुलीपुढं बसती. घरातल्या मान्सांस्नी भाकरी येळंवर मिळाली पायजे, कुनी थापली ह्येच्याशी त्येंला काय करायचंय?”

तर धाकटी खरंच उठते का, हे बघायला हुक्केरी मॅडम दर बाजारच्या दिवशी भर दुपारी थोरलीची दोरी स्वतःच्या हाताने ओढायच्या. इतर ठिकाणी ही चाचणी गाव झोपल्यावर घेतात. नाही झाली यशस्वी तर कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी कुणी तक्रार करायला जागं नसतं. मी एकदा धीर करून तसं सुचवलंही होतं.

“गावडे,” मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, “झोपलेल्या माणसाला हलवून तू पैलवान आहेस का विचारण्यात काय अर्थ हो? कुस्तीच्या दिवशी आखाड्यातच बघायचं की ते.”

मॅडम मूळच्या संकेश्वरच्या. मराठी झकास बोलायच्या, पण वाक्याच्या शेवटी एखादं ‘की’ किंवा ‘हो’ असं यायचं की पलीकडे कानडी उभी आहे हे कळावं. ऑफिसात त्यांच्या या सोमवारच्या व्रताची पुष्कळ चेष्टा व्हायची. चेष्टा करण्यात मी सगळ्यात पुढे होतो. मी तिशीच्या आतला, नुकता कायम झालेला, आणि सगळं येतं अशा समजुतीतला इंजिनिअर होतो.

मॅडमनी दोरी ओढली.

दर सोमवारी यानंतर काहीच व्हायचं नाही. मामा पलीकडच्याशी बोलत राहायचे, मॅडम मान हलवायच्या, दोरी परत जागेवर जायची आणि आम्ही चहा घ्यायचो. त्या दिवशी मामांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बासुंदीवर आलेवते, आनि गेले.”

मॅडमनी दोरी तत्क्षणी परत खोचली. दोन-चार श्वासांचाच खेळ. पण तेवढ्या वेळात अख्खा तालुका मुका झाला होता, आणि पुढचा अर्धा तास त्याने आमच्यावर सूड उगवला. बँकेच्या शाखाधिकाऱ्याने फोन केला, मिरचीच्या अडत्याने केला, तहसीलदारांच्या कारकुनाने केला आणि वर, “साहेब विचारतात, तुमच्याकडे काय चाललंय?” असं साहेबांच्याच आवाजात विचारलं. मी एकेकाची समजूत घालत होतो आणि मनातल्या मनात मॅडमना लाखोली वाहत होतो. यंत्रावर धाकटीचा दिवा तर हिरवागार होता, म्हणजे वाट शाबूत! बरं चाललेलं असताना या बाईंना उचापती कुणी सांगितल्या?

मॅडम मात्र दागिना सापडावा तशा खुलल्या होत्या. “बघितलात? दिवा हिरवा आणि बाई घरात नाही. मकानदार, जीप काढा. गावडे, तुम्ही धरणावर जा. आत्ता.”

“मॅडम, आज माझी अक्का येतेय. दुपारच्या गाडीने. तिला घ्यायला स्टँडवर…”

“मी घेते.”

“नाही, म्हणजे घराची किल्ली…”

“किल्ली माझ्याकडे द्या की.”

मी किल्ली टेबलावर ठेवली. थोडी आपटलीच.

अक्काबद्दल इथेच सांगून टाकतो. इंदूअक्का माझी बहीण. तिच्या-माझ्या मध्ये दोन भावंडं होऊन गेली, त्यामुळे अंतर चांगलं चौदा वर्षांचं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आत्या, माम्या, गावातल्या बाया, ज्या कुणी मला जवळ घ्यायच्या त्या “बिनआईचं लेकरू ग” म्हणून डोळ्यांना पदर लावायच्या. मी खाली मान घालून उभा राहायचो, कारण अशा वेळी वाईट चेहरा करायचा असतो एवढं मला कळत होतं. खरं सांगायचं तर मला कशाचं वाईट वाटायचं हेच कळायचं नाही. माझ्या आठवणीच्या पहिल्या टोकापासून अक्काच होती. तिने माझी अंघोळ, माझी शाळा, माझं कॉलेज सगळं निभावलं, स्वतःचं लग्न लोक नावं ठेवीपर्यंत लांबवलं, आणि आता दाजींचं घर सांभाळूनही ती महिन्या-दोन महिन्यांनी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन माझ्या क्वार्टरवर दोन-तीन दिवस येऊन राहायची. मला स्वयंपाक येत नाही यावर तिचा दांडगा विश्वास होता.

धरणावरच्या खोलीत आम्ही पोचलो तेव्हा पत्रा तापून आत भट्टी झाली होती. मी भिंतीवरची पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. नागणगावाहून आलेली धाकटी पुढे कोल्हापूरकडे जातच नव्हती. कुणीतरी एक आखूड पिवळी दोरी घेऊन तिच्या जोडीतला जाणारा धागा येणाऱ्या धाग्यालाच जोडून ठेवला होता. आम्ही सोडलेला प्रकाश इथवर यायचा आणि मागे फिरून आमच्याकडेच परत जायचा. म्हणून दिवा हिरवा. आणि थोरली ओढली की नागणगावाला आपलंच बोलणं ऐकू येत होतं.

“हां हां,” मामा म्हणाले, “कालव्याच्या पान्याचा कार्यक्रम झाला न्हवं का उन्हाळ्यात? मांडवातनं टीव्हीवर थेट दाखवायचं हुतं म्हनून वरच्या ऑफिसची मान्सं आलीवती. धाकटी रिकामीच बसलीया म्हनून तिची पुढची जोडी उसनी घेतली असंल. आनि आपल्याकडं दिवा लाल व्हऊन बोंब नगो म्हनून हितं गाठ मारून ठेवली.”

“आणि सोडायची राहिली?”

“मांडव काढला, जेवनं झाली, मान्सं गेली. गाठ कोन सोडतंय?”

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? आमच्या धंद्यात ही चूक हमखास होते. जी वाट चालू आहे तिला कुणी हात लावत नाही, सगळे जपतात. जी राखून ठेवलेली असते तिच्याकडे बघून प्रत्येकाला वाटतं की ही रिकामीच तर आहे. पण गंमत बघा, मॅडमनी थोरली ओढली ते सगळे सोमवार या गाठीच्या आधीचे होते. मधले काही सोमवार मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या आणि त्या वेळी चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे नव्हतं, वरच्या ऑफिसकडे होतं. त्यांनी दिवा बघितला असणार. दिवा हिरवाच होता.

मी गाठ सोडली, दोऱ्या पुसून जागच्या जागी लावल्या आणि कोल्हापूरच्या जोशीलकरांना पलीकडची जोडी लावून घ्यायला सांगितली. त्यांनी आधी मामांना बासुंदीचं राहिलेलं सांगितलं, मग लावली. त्यानंतर मी मोबाइलवरून मॅडमना फोन केला.

“झालं मॅडम. एक क्षुल्लक गाठ होती. पण तुम्हाला सांगतो, हे काम शांतपणे, वेळ ठरवूनसुद्धा करता आलं असतं. भर बाजारात सगळ्या तालुक्याच्या तोंडाला कुलूप लावायचं, मग लोकांची बोलणी खायची… उद्या कुणी वर लेखी तक्रार केली तर तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना…”

मी पुष्कळ बोललो. पत्र्याखालचं ऊन डोक्यात गेलं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“संपलं?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मधे कुठे काही तुटलं का हो तुम्हाला? ऐकू नाही आलं असं?”

“नाही. का?”

“तुम्ही ‘क्षुल्लक’ म्हणालात तेव्हा मी थोरली ओढली. अजून माझ्या हातातच आहे. या आता, जेवायला थांबलोय आम्ही.”

मामा दुसरीकडे तोंड करून हसत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

परत आलो तर ऑफिसच्या मागच्या खोलीत अक्का आणि मॅडम समोरासमोर बसून गप्पा मारत होत्या. वर्तमानपत्रावर भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मॅडमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. अक्काने मॅडमना माझ्या लहानपणाचे ठेवणीतले किस्से सांगून टाकले होते हे मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“या बाई म्हंजे लईच गुनाच्या हैत रं,” अक्का मला म्हणाली. “मला समदं समजावून सांगितलंया. तू कवा सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस?”

“इचाराय तू घरात असतोस व्हय?” असं म्हणून तिने माझ्यापुढे भाकरी वाढली, आणि मग छातीच्या मधोमध मूठ दाबून एक ढेकर काढायचा प्रयत्न केला. “पित्त झालंया बग. एसटीत लई घुसमट हुती.”

मंगळवारी ते पित्त तसंच होतं. मी गोळी आणून दिली, डॉक्टरकडे चल म्हणालो. तिने उडवून लावलं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो. अक्का चहा गाळत होती. गाळता गाळता तिने गाळणं ओट्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी ओटा धरला आणि अगदी हळू म्हणाली, “रवळू, जरा बसते रं मी.” तिच्या कपाळावर घामाचे थेंब नव्हते, धारा होत्या. तोंड राखेसारखं झालं होतं. हातातलं काम टाकून अक्का बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

शेजारच्यांच्या रिक्षातून मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे डॉ. चेतना कुरबेट्टी म्हणून एक तरुण डॉक्टर होती. जेमतेम वर्षभर झालं असेल तिला येऊन. तिने छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर येताना बघितली आणि तिचा स्वतःचाच चेहरा उतरला.

“हार्ट अटॅक आहे,” ती मला बाजूला घेऊन म्हणाली. “मोठा आहे. कोल्हापूर तीन तास. घाटात काम चालू आहे, जास्तच लागतील. तेवढा वेळ नाहीये आपल्याकडे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे आमच्याकडे, ते आधी द्यावं लागेल. तासभर सावकाश द्यायचं असतं.” तिने पट्टी पुन्हा एकदा बघितली. “मी हे याआधी एकटीने दिलेलं नाही. शहरातले हार्टचे डॉक्टर स्क्रीनवर येतात, ते बघत राहतील. ते असतील तर मी देईन.”

रुग्णालयात दूरच्या तज्ज्ञांशी बोलायची एक खोली होती. एक टीव्ही, त्याच्यावर कॅमेरा, आणि भिंतीवर आमच्या खात्याची छोटी पेटी. अक्काचा पलंग तिथेच ढकलत नेला. पडद्यावर डॉ. कर्णिक म्हणून पिकल्या मिशांचे गृहस्थ आले. पलीकडे त्यांना अक्काच्या हृदयाची रेघ दिसत होती. त्यांनी अक्काला नाव विचारलं, मग म्हणाले, “इंदूताई, मी इथेच आहे. उठून जाणार नाही. डॉक्टर, सुरू करा.”

मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. “मॅडम, अक्का… हॉस्पिटलात आहे. हार्टचं. माझी ड्यूटी…”

“इथं मी आहे,” मॅडम म्हणाल्या. “ऑफिसचा विचार करू नका. काही झालं तरी इकडे बघायचं नाही. तिच्याजवळ बसा.”

मी आत जाऊन अक्काचा पाय धरून बसलो. हात मोकळे नव्हते, दोन्हींना नळ्या होत्या. पाय गार होता. माझं लक्ष अक्काच्या तोंडाकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून भिंतीवरच्या पेटीकडे जात होतं. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आयुष्यात कितीतरी देवळांत गेलो, पण त्या दिव्याकडे बघितलं तसं कुठल्या देवाकडे बघितलं नसेन. इतरांना पडद्यावर डॉक्टर दिसत होते, मला त्यांच्यामागची सगळी वाट दिसत होती. घाट, घाटाच्या कडेचा चर, चरातली नळी, नळीतला केसाएवढा काचेचा धागा. अक्काचा जीव त्या केसाला टांगलेला होता आणि ही काही बोलायची पद्धत म्हणून मी सांगत नाही.

अर्धं इंजेक्शन गेलं असेल-नसेल, अक्काने डोळे फिरवले. यंत्र किंचाळायला लागलं.

“सर, बीपी पडलं! साठ… सर, कळतच नाहीये…” डॉ. चेतनाचा आवाज चिरकला.

“पडतं,” कर्णिक म्हणाले. आवाजात घाई नव्हती. “घाबरायचं नाही. इंजेक्शन थांबवा. सलाइन जोरात सोडा. अहो, तुम्ही भाऊ ना? बहिणीचे पाय वर उचला. दोन्ही. आणखी वर. हां, तसेच धरून ठेवा. डॉक्टर, माझ्याकडे बघा. परत बीपी घ्या. मी मोजतोय तुमच्याबरोबर.”

मी अक्काचे पाय माझ्या छातीशी धरून उभा होतो. टाचांना भेगा होत्या. कर्णिक बोलत होते, एकसारखे, शांतपणे, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम सांगावा तसे. एक शब्द तुटला नाही, चित्र एकदाही थिजलं नाही. “सत्तर,” डॉ. चेतना म्हणाली. मग, “ऐंशी. सर, नव्वद!” कर्णिकांनी उरलेलं इंजेक्शन आणखी सावकाश सुरू करायला लावलं. ते पूर्ण गेलं तेव्हा कागदाच्या पट्टीवरचा उंच डोंगर बसला होता. अक्काच्या गालांवर रंग येत होता.

“ताई, दुखतंय का?” कर्णिकांनी विचारलं.

“कमी हाय,” अक्का पडद्याकडे बघून म्हणाली. “तुमी जेवून घ्या आता. लई येळ बसलाय.”

डॉ. चेतना हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, लपवलं नाही.

रुग्णवाहिकेतून आम्ही कोल्हापूरकडे निघालो. डॉ. चेतना स्वतः बरोबर आली. दुपार झाली होती. घाटाच्या पहिल्या वळणापुढे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, एकच बाजू मोकळी होती. गाड्यांची रांग लागली होती. भोंगा ऐकून लोकांनी वाट दिली, पण गाडी मुंगीच्या पावलांनीच पुढे सरकत होती. मी काचेतून बाहेर बघत होतो. कडेला जेसीबी तोंड जमिनीला लावून उभा होता. त्याच्यासमोर ताजा खड्डा. खड्ड्यात मकानदारमामा मांडी घालून बसले होते, मांडीवर जोडणीचं यंत्र, आणि वर छत्री धरून, साडीचा पदर कमरेला खोचून, दुखऱ्या गुडघ्यावर भार नको म्हणून एका पायावर तोलून हुक्केरी मॅडम उभ्या. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी फाटलेल्या नळीतून थोरलीची टोकं लोंबत होती. सरळ दोन तुकडे.

मी काच खाली केली. “मॅडम!”

मॅडमनी वळून बघितलं. त्यांची नजर माझ्यावरून आत गेली. “कशी आहे?”

“आहे! चांगली आहे! मॅडम, ही… ही कधी तुटली?”

मॅडम उत्तर द्यायच्या आधी मामाच खालून म्हणाले, “सकाळीच की. अकरा वाजायला आलं असतील. ह्यो गडी म्हनतोय, मला वाटलं झाडाचं मूळ हाय, म्हनून वडलं.”

अकरा वाजायला आले होते तेव्हा मी अक्काचे पाय छातीशी धरून उभा होतो.

मला म्हणायचं होतं की मॅडम, तुम्ही सोमवारी दोरी ओढली नसती तर, मी किल्ली आपटली, मी लाखोली वाहिली, मी तुम्हाला पत्र्याखाली उभा राहून अक्कल शिकवली. मी नुसते दोन्ही हात जोडले, खिडकीतून बाहेर काढून.

“मला कळवलं का नाहीत?” एवढंच म्हणालो.

“कशाला? धाकटी होती की,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी छत्री मामांच्या डोक्यावर नीट केली आणि हात हलवला. “जा रे, गाडी थांबवू नकोस. अक्काला बघ.”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

गाडी पुढे गेली. मी अक्काजवळ येऊन बसलो. तिने डोळे उघडले.

“काय झालंया बाहेर?”

“काही नाही. थोरली तुटली होती सकाळी. धाकटीवर चाललं सगळं. कुणाला कळलंसुद्धा नाही.”

“बाईंनी सांगितलंतं मला,” अक्का पुटपुटली. “तसंच असतंय ते.” आणि तिने परत डोळे मिटले.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. मॅडम संकेश्वरला असतात, गुडघा अजून कुरकुरतो. मी तीन बदल्या पाहिल्या. जिथे गेलो तिथे बाजाराचा दिवस कोणता हे आधी विचारलं आणि त्या दिवशी भर दुपारी थोरलीची दोरी माझ्या हाताने ओढली. हाताखालची मुलं माझी चेष्टा करतात. करू देत. दोरी परत खोचली की मी मॅडमना फोन लावतो. त्या हॅलो म्हणत नाहीत, “उठली का?” एवढंच विचारतात. मी “उठली” म्हणतो आणि मग आम्ही हवापाण्याचं बोलतो.

पण मला सांगायचंय ते कोल्हापूरच्या वॉर्डमधलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का उशीला टेकून बसली होती. दाजी खाली औषधं आणायला गेले होते. मी तिला मोसंबं सोलून देत होतो आणि ती मी कसं चुकीचं सोलतोय ते सांगत होती. दोन दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी म्हणालो, “अक्का, आई गेली त्या दिवशी मला जेवायला कुणी घातलं?”

“मीच की. दुसरं कोन हुतं?”

“काय केलं होतंस?”

तिने जरा आठवल्यासारखं केलं. “भाकरी. आनि दूध. पयलीच भाकरी ती माझी, तव्यावर करपलीवती. आईच्या हाताला सवकलेला तू, खाशील का न्हाई म्हनून जीव थाऱ्यावर नव्हता माझा.”

“खाल्ली?”

“समदी. आनि मांडीवर झोपलास.”

अठरा वर्षांची होती ती तेव्हा. त्याच दिवशी तिचीही आई गेली होती.

“मी रडलो नाही? आई कुठाय म्हणून विचारलं नाही? मला काहीच आठवत नाही बघ अक्का. मी लई आठवून बघितलं. मधे कुणी नव्हतं असं काही आठवतच नाही.”

अक्काने माझ्या हातातलं मोसंबं काढून घेतलं आणि स्वतःच सोलायला लागली.

“आठवंल कसं?” ती म्हणाली. “रडाय सवड कुठं दिली मी तुला?”

आणि तिने पहिली फोड माझ्या तोंडात घातली.